टोपीमामांची गॅलरी

आमच्या प्रयोगशाळेत टोपीमामांचं काम एकच होतं, आलेल्या माणसाला टोपी घालायची. हे वाक्य मी एकदा बाहेरच्या पाहुण्यांसमोर बोलले, तर ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू आम्ही लोकांना फसवायचा कारखानाच काढलाय. तेव्हा आधी टोपीचं सांगते. टोपी म्हणजे व्हीआरचा हेडसेट. तो डोळ्यांवर चढवला, कानांवर हेडफोन बसवले, की शांत खोलीत खुर्चीवर बसलेला माणूस थेट भर रस्त्यात जाऊन पोचतो. मान वळवली की रस्ता वळतो, मागून आलेली गाडी मागूनच ऐकू येते. पाच मिनिटं तो तिथे बसतो आणि मग शून्य ते दहामधला एक आकडा सांगतो. या आवाजाचा त्रास किती झाला, त्याचा तो आकडा.

आवाज किती मोठा आहे ते यंत्र सांगतं. तो माणसाला कसा लागतो ते मात्र माणसालाच विचारावं लागतं. तोच आवाज, तेवढाच मोठा, पण समोर झाडं दिसली तर माणूस कमी कुरकुरतो आणि ट्रक दिसला तर जास्त. आम्ही याचाच अभ्यास करतो. अभ्यास माझा, आरडाओरडाही माझा. आलेल्या माणसांना सांभाळायचं काम मात्र मामांचं.

मामा आमच्याकडे आले ते छापखाना बंद पडल्यावर. सव्वीस वर्षं मशीनवर काढली होती. उजवा कान मशीनने अर्धा खाल्लेला आणि डावा असा तिखट, की मुलाखतीला आले तेव्हा माझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायच्या आधी वर बघून म्हणाले, "तुमच्या पंख्याचं एक पातं घासतंय." आम्ही आवाजाचे तज्ज्ञ आठ महिने त्या पंख्याखाली बसत होतो आणि आमच्यापैकी एकाला ते कळलेलं नव्हतं. मी त्यांना तिथल्या तिथे कामावर घेतलं, थोडी लाज वाटून आणि थोडी धास्तीनेही.

टोपी घालण्यात त्यांचा हातखंडा होता. थंडीत हेडसेटची गादी आधी दोन्ही तळव्यांत धरून ऊबदार करायचे. लोकांचे चष्मे काढून स्वतःच्या शर्टाच्या खिशात ठेवायचे. एकदा एका गृहस्थांना त्यांनी स्वतःचाच चष्मा देऊन घरी पाठवलं आणि दिवसभर त्यांचा चष्मा लावून "आज डोळ्यांना कसंतरीच होतंय" म्हणत फिरले. आमच्याकडे मापासाठी एक पुतळा आहे, नुसतं डोकं आणि खांदे, कानांत माइक बसवलेले. मामांनी त्याचं नाव जावईबापू ठेवलं होतं. "सगळ्यात चांगली खुर्ची यांना, रोज पुसायचं यांना, काम काही नाही आणि ऐकून घेतात पण उत्तर देत नाहीत," असं म्हणून रोज सकाळी फडक्याने त्याचे कान पुसायचे.

त्यांची एक सवय मात्र माझ्या डोक्यात जायची. बोलता बोलता ते मध्येच थांबायचे. "मॅडम, त्या पडद्याचं," एवढं म्हणायचे आणि भिंतीकडे बघत उभे. मी वाट बघायची. दहा-बारा सेकंदांनी जणू काही झालंच नाही अशा थाटात, "हुक तुटलंय." माझ्यासारख्या तापट बाईला दिवसातून पाच-सहा वेळा हे सहन करायचं म्हणजे कठीणच होतं. वय झालंय, असं मी मनाशी धरून चालले होते.

मग रस्ते खात्याचं काम आलं. गावातल्या एका चढावरून दिवसरात्र ट्रक जायचे. ते बाहेरच्या रस्त्याने वळवावेत अशी तिथल्या लोकांची जुनी मागणी होती आणि तो लांबचा रस्ता वापरायला ट्रकवाले तयार नव्हते. खात्याने आम्हाला सांगितलं, बाहेरची तटस्थ माणसं त्या चढावरच्या घरात बसवा, म्हणजे टोपी घालून बसवा, आणि विचारा. एकदा ट्रकसकट आणि एकदा ट्रकशिवाय. ट्रकसकट ऐकल्यावर सरासरी सहाच्या वर गेली तर ट्रक वळवू, नाहीतर सगळं आहे तसंच. त्यासाठी चित्रण करायला तिथलं एक घर हवं होतं. तीन घरांनी कॅमेरा बघून दार लावून घेतलं. चौथ्या दिवशी मामा म्हणाले, "आमची गॅलरी घ्या की. आम्ही त्याच चढावर राहतो. आमच्याइतकं ऐकायला मिळणार नाही कुठे." एखाद्याने आपल्या आंब्याच्या झाडाबद्दल सांगावं तसं ते सांगत होते.

मी गेले. तिसरा मजला, कोपऱ्यावरची इमारत. चढ नेमका तिथेच उभा होतो, त्यामुळे प्रत्येक ट्रक त्यांच्या गॅलरीखाली येऊनच गिअर बदलतो. मामींनी दार उघडलं. बारीक चणीची बाई, हसरी, पण डोळ्यांखाली काळं. "या, बसा, यांनी तुमच्याबद्दल इतकं," असं म्हणाल्या आणि थांबल्या. खालून ट्रक आला. खिडकीची तावदानं थरथरली, टेबलावरचा चमचा बशीत वाजला. मामा पाण्याचा पेला हातात धरून उभे, मामी तोंडात अर्धं वाक्य धरून उभ्या. ट्रक वर गेला आणि मामी म्हणाल्या, "सांगितलंय, की भीतीच वाटत होती."

मग तासाभरात मी हे चाळीसेक वेळा पाहिलं. दोघंही एकाच क्षणी थांबायची, एकाच क्षणी सुरू व्हायची. कुणाचं वाक्य राहिलंय, कुठल्या शब्दापाशी, ते दोघांनाही बरोबर लक्षात असायचं. मामा प्रयोगशाळेत भिंतीकडे बघत का थांबतात ते मला तेव्हा कळलं. तिथे नसलेल्या ट्रकला ते वाट देत होते. मी किती वेळा त्यांच्यावर तडकले होते ते आठवून मला फार वाईट वाटलं.

चहा करायला मामी आत गेल्या, मीही मागे गेले. स्वयंपाकघराच्या दारामागे एक वळकटी उभी होती. "मी इथे झोपते," मामी म्हणाल्या. "मागची बाजू ना, इथे ट्रक निम्माच येतो." झोप नसल्याने त्यांचा रक्तदाब वाढला होता, गोळ्या चालू होत्या. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, घर बदला. "पण यांच्यापाशी तो विषय काढायची सोय नाही. सगळ्या जन्माची कमाई आहे हो ही. यांचा जीव आहे या घरात. पाहुणा आला की आधी गॅलरी दाखवतात. मला इथे गार वाटतं म्हणून मी इथे झोपते, असं सांगितलंय मी. तुम्हीही बोलू नका." मी मान डोलावली. आता माझ्यासाठी त्या चढाचा अभ्यास हा नुसता अभ्यास राहिला नव्हता. ट्रक गेले तर ही बाई झोपणार होती आणि नाही गेले तर एक ना एक दिवस मामांना ते घर सोडावं लागणार होतं.

ट्रकसकट चित्रण त्याच दिवशी झालं. ट्रकशिवायचं दोन आठवड्यांनी केलं, रस्त्यावर पट्टे आखायला खात्याने दोन तास जड वाहनं बंद ठेवली होती तेव्हा. त्या वेळी मामांना मी खाली इमारतीच्या दारात उभं केलं, कुणी हॉर्न वाजवू नये म्हणून. पूर्ण दोन तास ते ओठांवर बोट ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याला दटावत होते. मी वर गॅलरीत कॅमेऱ्याशेजारी पुतळ्यासारखी बसले होते आणि मामी आत आपल्या कामात होत्या.

प्रयोग सुरू झाला. चौतीस माणसं येऊन गेली आणि मी आकडे मांडले. ट्रकसकट सरासरी चार. मला आधी वाटलं, माझंच काहीतरी चुकलंय. सुरुवातीला, मामा रजेवर असताना, आम्ही आमच्यातल्याच दहा-बारा जणांना ते चित्रण दाखवलं होतं, तेव्हा सरासरी पावणेआठ आली होती. मी हेडफोन जावईबापूंच्या कानांवर चढवून आवाज मोजला. आवाज चोख होता. चित्र तपासलं, तेही ठीक. मग फरक उरला तो एकच.

मी मामांना बोलावलं आणि माझ्या स्वभावाप्रमाणे तोडून टाकल्यासारखं विचारलं, "मामा, खरं सांगा. लोकांची दया येऊन तुम्ही आवाजाचं बटण फिरवता का?"

मामांचा चेहरा उतरला. "मॅडम, सव्वीस वर्षं छापखान्यात होतो. दुसऱ्याच्या मशीनला मी हात लावत नाही," एवढंच म्हणाले. त्या दिवशी दुपारी ते आमच्यात चहाला आले नाहीत. जावईबापूंशेजारी एकटेच बसले. मी चुकले होते हे मला कळत होतं, पण माफी मागायला जीभ उचलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी एक निवृत्त शिक्षिका आल्या. मी काचेपलीकडे माझ्या टेबलापाशी होते. एरवी खोलीतला माइक मी चित्रण सुरू करतानाच लावते, त्या दिवशी तो आधीपासून चालू राहिला होता. मामांचा आवाज आला.

"सावकाश बसा. अंगावर वारा येतोय का? नाही ना? आता काय होईल, तुम्ही आमच्या गॅलरीत याल. हो, आमचीच. समोर निळी चादर दिसेल, ती आमच्या हिने वाळत घातलीय. उजवीकडे मान वळवलीत की पुदिन्याची कुंडी. ज्या खुर्चीवर तुम्ही असाल ना, ती माझी. आपलंच घर समजून आरामात बसा."

बाई पाच मिनिटं आरामात बसल्या. चार ट्रक गेले. मी आकडा विचारला. "तीन," त्या म्हणाल्या. मग मामा पाणी आणायला गेले तेव्हा मी आत जाऊन विचारलं, खरंच तीन का?

"खरं सांगू?" बाई हळूच म्हणाल्या. "डोकं उठलं. पण इतक्या प्रेमाने त्या गृहस्थांनी घरात बसवलं, आणि आपण त्यांच्या तोंडावर घराला नावं ठेवायची? बरं दिसतं का ते?"

मी कपाळावर हात मारून घेतला. चौतीस माणसं, आता पस्तिसावी. सगळी मामांची पाहुणी म्हणून येऊन, घराचं कौतुक करून गेली होती. माझ्या पुस्तकांत आवाजाचा त्रास कमी करायचे किती उपाय दिलेत, झाडं लावा, भिंत बांधा, डांबर बदला. एखाद्या यजमानाने 'आपलंच घर समजा' म्हणावं, हा उपाय मात्र कुठेही नव्हता.

संध्याकाळी मी मामांना समोर बसवलं. आधी माफी मागितली, बटणाबद्दल. मग सगळं सांगितलं. ते ऐकत होते आणि मधूनमधून त्यांना जरा बरंही वाटत असावं, कारण शेवटी म्हणाले, "म्हणजे लोकांना घर आवडलं."

"मामा! लोकांना घर आवडलं म्हणून ट्रक तिथेच राहणार आहेत!"

"राहू देत. आम्हाला सवय आहे."

तिथे माझा तोल गेला. "तुम्हाला असेल सवय! मामी स्वयंपाकघरात कशाला झोपतात?"

"तिला तिथे गार वाटतं."

"तिथे ट्रक निम्मा येतो म्हणून झोपतात त्या. आणि डॉक्टरांनी घर बदला म्हणून सांगितलंय, ते तुमच्यापाशी बोलायची त्यांना चोरी झालीय."

दिलेला शब्द मी असा एका दमात मोडला. मामा बोलायचे थांबले. हे थांबणं ट्रकसाठी नव्हतं, हे मला कळलं. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "आता काय करायचं?"

चौतीस अधिक एक, सगळे आकडे बाद करायचे आणि चाळीस नवी माणसं आणायची. रस्ते खात्याने नाक मुरडलं, पण मुदत दिली. मी मामांना म्हटलं, या वेळी टोपी दुसरं कुणी घालेल. त्यांनी ऐकलं नाही. म्हातारी माणसं घाबरतात, हेडसेट जड असतो, हे काम येरागबाळ्याचं नाही, वगैरे. मग मी एका कार्डावर पाच वाक्यं लिहून दिली. बसा. चष्मा माझ्याकडे द्या. त्रास झाला तर हात वर करा. आता सुरू होईल. आणि पाचवं, कुणी काहीही विचारलं तर, त्याबद्दल मला काही सांगता येणार नाही. याच्यापलीकडे एक अक्षर बोलायचं नाही. मामांनी ती वाक्यं घरी नेऊन पाठ केली आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणून दाखवली, परीक्षेला बसल्यासारखी.

ते तीन आठवडे मला आठवतात. ज्या माणसाला पाहुणा दिसला की गॅलरी दाखवल्याशिवाय राहवत नसे, तो हात मागे बांधून उभा राहायचा. लोक टोपी काढताना जे बोलायचे ते सगळं त्याच्या कानांवर पडायचं. "बाप रे, नरक आहे." "आठ. नाही, नऊ लिहा." "फुकट दिलं तरी नको असलं घर." मामा खाली मान घालून भिंगं पुसायचे. एक भिंग तर त्यांनी इतका वेळ पुसलं, की मला वाटलं आता त्याला भोक पडेल. मी काचेमागून बघत होते. आकडे मात्र बरोबर येत होते.

चाळिसावा माणूस शिंपी होता. भला माणूस. टोपी निघाल्यावर घाम पुसत म्हणाला, "नऊ. काय हो, त्या गॅलरीत कुणीतरी चादर वाळत घातली होती. तिथे खरंच कुणी राहतं का?"

मामांनी काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी काही करू शकत नव्हते. मग ते शिंप्याकडे वळले, त्याचा चष्मा खिशातून काढून त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "त्याबद्दल मला काही सांगता येणार नाही."

शिंपी गेल्यावर मी खोलीत गेले. मामा रिकाम्या खुर्चीवर बसले होते. आजवर त्यांनी स्वतः टोपी कधी घातली नव्हती. आपण रोज लोकांना वाढतो ते आपण चाखत बसायचं नाही, असं त्यांचं म्हणणं असे. त्या दिवशी म्हणाले, "मॅडम, मला दाखवा. ते बिनट्रकचं. घर कसं दिसतं बघू तरी."

त्यांना टोपी मी घातली. गादी तळव्यांत धरून ऊबदार करायला विसरले नाही. चित्रण लावलं. मामांनी मान उजवीकडे वळवली, पुदिना बघितला असणार. डावीकडे वळवली. मग एकदम मागे वळले, पाठीमागच्या, घराच्या दाराच्या दिशेने, आणि तसेच राहिले. दोन मिनिटं, तीन मिनिटं.

"मॅडम," हेडसेटखालून आवाज आला, "आत कोण गातंय?"

मला ते ठाऊक होतं, पण मी त्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. चित्रणात, ट्रक नसताना, मागून अगदी बारीक आवाज येतो. आत मामी काहीतरी करताना गुणगुणताहेत. 'घरातला किरकोळ आवाज' अशी नोंद करून मी तो तसाच ठेवला होता.

"मामी आहेत," मी म्हटलं.

"आमची ही? गाते?"

सव्वीस वर्षं छापखान्यात, बाकीचा वेळ त्या गॅलरीत. एक कान अर्धा. त्या दिवशीही मी त्यांना खाली हॉर्न थांबवायला उभं केलं होतं. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आणि मामांनी बायकोचं गुणगुणणं पहिल्यांदा ऐकलं, ते आमच्या प्रयोगशाळेत, कानांवर हेडफोन लावून. चित्रण संपलं. "परत लावा," ते म्हणाले. मी परत लावलं. चार वेळा लावलं. टोपी काढली तेव्हा गादी ओली झाली होती. मी ती पुसून टाकली.

"घरी विचारणार का त्यांना?" मी थोड्या वेळाने विचारलं.

"छे! विचारलं तर लाजेल आणि गायची बंद होईल," मामा म्हणाले. "तुम्हीही बोलू नका." याही वेळी मी मान डोलावली. या खेपेला मात्र शब्द पाळला.

सरासरी आली आठच्या जवळ. खात्याने दोन महिने घोळ घातला, ट्रकवाल्यांच्या दोन बैठका झाल्या, आणि शेवटी जड वाहनं बाहेरच्या रस्त्याने गेली. छोटे टेम्पो, स्कूटर राहिल्या. अगदी शांतता वगैरे काही झाली नाही. पण मामींची वळकटी दारामागून हलली, असं मामांनी मला कामावर येऊन सांगितलं, आणि रक्तदाबाचा आकडाही सांगितला, जावईबापूंचे कान पुसता पुसता.

मध्यंतरी मी त्यांच्याकडे गेले होते. मामी आत चहा करत होत्या. मी गॅलरीत पाहुण्यांच्या खुर्चीवर आणि मामा त्यांच्या. नव्या हेडसेटबद्दल काहीतरी सांगत होते. "मॅडम, त्याची गादी जरा," म्हणाले आणि थांबले.

जुनी सवय, मला वाटलं. मी खाली पाहिलं, चढ रिकामा होता. म्हटलं, "मामा, बोला ना. ट्रक नाही येत आता."

मामांनी ओठांवर बोट ठेवलं आणि डावा कान स्वयंपाकघराकडे केला.